फुलामावशीचं बहरीन

जगातल्या कुठल्याही गावाचं नाव सांगा, फुलामावशी आधी एकच प्रश्न विचारायची, "थंय फूल पावता?" म्हणजे तिथपर्यंत फूल जिवंत पोचतं का. पोचत असेल तर ते गाव लागीं, जवळ. पोचत नसेल तर पयस, लांब. दुबई लागीं, मस्कत लागीं, लंडन अबोलीपुरतं लागीं आणि कॅनडा एकदम पयस. दिल्लीबद्दल तिचं मत शेवटपर्यंत डळमळीत राहिलं, कारण दिल्लीला नेमाने जाणारं माझं एकुलतं एक गिऱ्हाईक, कुठल्याशा खात्यातला साहेब, फुलं न्यायलाच तयार नव्हता. "पावता, पण न्हेपी ना," असं ती खेदाने म्हणायची.

पेडण्याच्या बाजारात माझं विमान आणि रेल्वे तिकिटांचं दुकान आहे. एक टेबल, एक संगणक, भिंतीवर जगाचा नकाशा आणि गिऱ्हाइकांना दोन खुर्च्या. दुकानाला तीन पायऱ्या आहेत आणि त्यातल्या मधल्या पायरीवर फुलामावशी बसायची. मी दुकान घेतलं त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती. नवा मालक असल्याच्या तोऱ्यात पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "मावशी, जरा बाजूला बस, लोकांना वर यायला वाट पाहिजे." तिने मान वर न करता उत्तर दिलं, "दुकान तुजां, पायरी देवाची. देव सांगात तेव्हा उठान." पाटी रंगवायला मी चांगले पैसे घातले होते, तरी लोक आजतागायत माझ्या दुकानाला 'फुलामावशीच्या पाठचं दुकान' म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पुढे मीच फोनवर तसा पत्ता सांगायला लागलो.

ती कृश, काळीसावळी, ताठ कण्याची. पाय लांब करायचे, उजव्या पायाच्या अंगठ्याला केळीच्या सोपटाची दोरी अडकवायची आणि फाती करायला घ्यायची. फाती म्हणजे फुलांची माळ. सुई नाही, दोरा नाही. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, मध्ये एक गाठ, आणि हे सगळं रस्त्यावरच्या बसकडे बघत, कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत. हातांना डोळे असल्यासारखे ते आपापलं काम करायचे. तिच्या स्वतःच्या केसांत मात्र पाकळीसुद्धा नसायची. नवरा तरुणपणी गेला, तेव्हापासून तिने फूल माळलं नव्हतं. एकदा मी खोचून विचारलं, "मावशी, आख्ख्या पेडण्याला फुलं माळतेस आणि स्वतःचं डोकं रिकामं?" ती हसली. "अरे, रांदपी काय सगळां जेवता?" असं म्हणून तिने विषय बुडवला.

माझ्या दुकानातून तिकीट घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाची मधल्या पायरीवर झडती व्हायची. खंय चललंस, वाटेत खंय उतरतलंस, किती तास, न्हेवक कोण येतलो. मग ती फूल ठरवायची. जाई संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकते. शेवंती दोन दिवस धरते. अबोली ओल्या पानात गुंडाळली तर तीन दिवससुद्धा हूं की चूं करत नाही. त्यामुळे दुबईवाल्याला जाई मिळायची आणि लंडनवाल्याला अबोली. मांद्र्याचा एक मुलगा टोरंटोला शिकायला निघाला होता, त्याच्या आईने जाईची फाती मागितली तर मावशीने टोपलीवर पान झाकलं. "मरतलीं ती वाटेर. मी दिवची नाय." पैसे घेऊन उभी असलेली बाई रडकुंडीला आली. शेवटी मावशीने तडजोड केली. विमानतळापर्यंत आईने माळायची, तिथून मुलाने हात हलवत जायचं. ह्या अटीवर जाई दिली गेली.

ही सगळी विद्या तिने माझ्या एका चुकीतून मिळवली होती. ती चूक सांगायला मला अजून लाज वाटते, पण मावशीवर लिहायचं आणि चूक लपवायची हे काही बरं नाही.

तिची एकुलती एक मुलगी शकू. शकूला साखळीचं स्थळ आलं. मुलग्याच्या घरी पूर्वी खाणीवर चालणारा एक ट्रक होता. खाण बंद पडली, ट्रक अंगणात उभा राहिला, त्याच्यावर भोपळ्याचा वेल चढला आणि मुलगा एसी दुरुस्ती शिकून बहरीनला गेला. मुलगा सालस होता, जेवताना मान खाली घालून जेवायचा, शकूलाही आवडला होता. मावशीची अडचण एकच. एवढी एकच मुलगी, ती लांब द्यायची नव्हती. मुलग्याचे लोक म्हणत होते, विमानात बसलं की पोचलं. त्यावर मावशीचा विश्वास नव्हता.

सुट्टी संपत आल्यावर तो मुलगा परतीच्या तिकिटाचा कागद काढायला माझ्याकडे आला. मावशी पायरीवरून उठून दारात आली आणि तो कागद तिने हातात घेतला. तिला अक्षरं येत नसत, आकडे येत. मुंबईहून सुटायची वेळ साडेपाच. बहरीनला पोचायची वेळ पावणेसात. तिने बोटांच्या पेरांवर मोजलं आणि मला विचारलं, "सवा तास?" त्या वेळी एक गिऱ्हाईक आडनावातलं एक अक्षर चुकलं म्हणून माझ्या अंगावर धावून आलं होतं. मी कागदाकडे न बघता म्हटलं, "हां हां."

मावशीचा चेहरा उजळला. सव्वा तास म्हणजे पेडण्याहून पणजीची बस. साखळीला जायचं तर म्हापशाला बस बदलून दोन तास सहज जातात. "मगे साखळेपरास बहरीन लागीं!" असं ती मोठ्याने म्हणाली आणि त्याच आठवड्यात लग्न ठरलं. चणेवाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळ्या बाजाराला तिने, मुलगी जवळच दिली असं सांगून टाकलं, "चेडू लागीं दिलां."

लग्नानंतर महिन्याभराने शकू निघाली. तेव्हा आमच्या तालुक्यात मोपाचा विमानतळ व्हायचा होता, सगळ्यांना थेट दाबोळी गाठावी लागे. मावशीने आपल्या परसातल्या वेलाची जाई तिच्या केसांत माळली. सव्वा तासाच्या वाटेला जाई म्हणजे अगदी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी शकूचा फोन आला. पोचले, बरी आहे, घर लहान पण छान आहे, आणि आई, जायां वाटेवरच मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पायरीवर बसलीच नाही, सरळ आत येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "तिकीटकारा, सवा तासात जायां मरतात?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. मी कागद-पेन्सिल घेतली. सूर्य तिथे उशिरा पोचतो, म्हणून त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, तिकिटावर सुटायची वेळ आपली आणि पोचायची वेळ त्यांची, त्यामुळे विमान खरं पावणेचार तास उडतं, शिवाय दाबोळीची वाट, शिवाय मुंबईला बसून राहायचं ते वेगळं.

"म्हणजे त्यांनी आपलां घड्याळ मागे केलां."

"हो."

"आनी फुलाचां?"

"फुलाचं कोण मागे करणार, मावशी?"

तिने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मगे तू 'हां' कित्याक म्हणालंस?"

ती ओरडली नाही, शाप दिला नाही, बाजारात कुणाला सांगितलंही नाही. फक्त चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तशी ती रोजच माझ्याकडे पाठ करून बसायची, पण त्या चार दिवसांतली पाठ वेगळी होती. रोज सकाळी ती पोदेराकडून, पाववाल्याकडून, दोन उंडे पाव घ्यायची आणि एक माझ्या टेबलावर ठेवायची, तोही आला नाही. पाचव्या दिवशी उंडा आला आणि मागोमाग ती आली. "आतां माका सगळां शिकय. परत कोण फसवूक जाय नाय."

माझ्याकडे शिकणारी ती एकमेव विद्यार्थिनी, आणि सहा महिन्यांत ती माझी मास्तरीण झाली. मी म्हणायचो, लंडन साडेसात हजार किलोमीटर. ती म्हणायची, "किलोमीटर फुलाक कळना." मी म्हणायचो, दुबई साडेतीन तास. ती म्हणायची, "ता विमान उडता तितलां. माणूस काय नुसतो उडता?" तिचा हिशेब उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत असायचा. घरून निघायची घाई, तीन तास आधी जाऊन रांगेत उभं राहणं, उतरल्यावर परत रांग, सामान फिरत येईपर्यंतची वाट, टॅक्सी, आणि शेवटी त्या घराचा उंबरा. ह्या हिशेबात दुबई नऊ तासांवर जायची. परत आलेल्या प्रत्येक माणसाला ती पायरीवर बसवून उलटतपासणी घ्यायची, फुलं कुठल्या क्षणी मलूल झाली ते विचारायची. हळूहळू लोक माझ्याकडून तिकीट घेऊन तिच्याकडून वेळ विचारायला लागले. एखादा परत वर येऊन म्हणायचा, "तुम्ही म्हणता चार तास, मावशी म्हणते साडेदहा." मी म्हणायचो, मावशी म्हणते तेच धरा.

मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हा सगळा तालुका नोकऱ्या, टॅक्स्या आणि जमिनी मोजत होता. मावशीने एकच गोष्ट मोजली. "फुलांचे दोन तास वाचले," ती म्हणाली. तिच्या परसातून चढणारी विमानं दिसायची. वेळेवरून कुठलं विमान कुठे निघालंय ते तिला कळायचं, आणि जाईचे कळे खुडता खुडता ती वर बघून शेजारणीला सांगायची, "ह्यातल्यान म्हजी एक फाती चलली."

एवढं सगळं खरं, पण बहरीन कुठे बसतं ह्याचा निकाल ती देत नसे. शकू दोनदा सुट्टीला आली आणि परत जाताना अबोली घेऊन गेली. अबोली व्यवस्थित पोचली. पण अबोली सोसणारी, ती कुठेही पोचते, तिचं काय कौतुक, असं मावशीचं म्हणणं. बहरीनला जाई पोचायला हवी होती. मुलगी पाठवताना जी माळली होती, तीच वाटेत मेली होती. बहरीन लागीं की पयस, असं कुणी मुद्दाम विचारलं तर ती हातातली गाठ घट्ट करत "बघया" म्हणायची. बाजाराला सांगून बसली होती ना, चेडू लागीं दिलां म्हणून. तो काटा तिच्या मनातून निघाला नव्हता, आणि तो मी टोचला होता हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मग शकूला दिवस गेले. आमच्याकडे सातव्या महिन्यात फुलां माळप असतं. गरोदर मुलीला माहेरची फुलं माळतात, बायका जमतात, गाणी होतात. डॉक्टरने शकूला विमान प्रवासाला मनाई केली. त्या दिवशी मावशी दुकानाच्या आत आली आणि चक्क खुर्चीवर बसली. "माका तिकीट जाय."

"कुठलं?"

"खंयचां म्हणजे? बहरीन. आनी जायां न्हेतलंय."

जन्मात कधी ती म्हापशाच्या पलीकडे एकटी गेली नव्हती. पासपोर्ट, व्हिसा, फोटो ह्यात दोन महिने गेले. फोटोवाल्याने हसायला सांगितलं तर ती म्हणाली, "फुलां पावल्यार हसतलंय." तिकीट निवडायची वेळ आली तेव्हा मी स्वस्तातलं शोधायला लागलो, तर तिने माझा हात धरला. जाई पेडण्यात साडेसहाला उमलते. आपले साडेसहा म्हणजे बहरीनचे चार. म्हणून माळप चार वाजता, आणि ती त्याच्या दोन तास आधी उंबऱ्यात हवी, फाती करायला. एवढा हिशेब तिने घरून करून आणला होता.

मी म्हटलं, "मावशी, पण तिथला सूर्य उशिरा मावळतो. फूल त्याच्या हिशेबाने उमललं तर?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हंय खुडलेलां फूल हंयच्याच वेळार फुलतलां. ताका पासपोर्ट नाय."

निघायच्या दिवशी पहाटे तिने परसातल्या वेलाचे कळे खुडले, ओल्या केळीच्या पानात सैल बांधले, भोवती सोपट गुंडाळलं आणि सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं. अबोलीच्या दोन फाती पिशवीच्या तळाला होत्या, कुणाला दिसणार नाहीत अशा. मी माझ्या गाडीतून तिला मोपाला सोडलं. दारात ती थांबली आणि म्हणाली, "आतां खरां सांग. किती?"

"सव्वा बारा तास. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत. दहा वेळा मोजलंय."

"बघ हां," असं म्हणून ती डबा पोटाशी धरून आत गेली. तपासणीवाल्याने सुई आहे का विचारलं तेव्हा तिला आलेला राग मला बाहेरूनसुद्धा काचेतून दिसला.

साडेदहाला तिचा मुंबईहून फोन आला. पुढचं विमान साडेतीन तास उशिरा. हवा खराब. ती एवढंच म्हणाली, "तुज्या सव्वा बारांत ह्या नव्हतां," आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी दोन तिकिटं चुकीच्या तारखेची काढली आणि एका सज्जन माणसावर विनाकारण ओरडलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मावशीने परत आल्यावर पायरीवर बसून ते निदान चाळीस वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी विमानातले प्रवासी वाढत गेले. पण मूळ गोष्ट अशी. घरी पोचून फाती करायला जे दोन तास ठेवले होते ते मुंबईतच संपले. मग विमान वर जाऊन सरळ झाल्यावर तिने चप्पल काढली, अंगठ्याला दोरी अडकवली आणि डबा उघडला. एका बाजूला केरळची नर्स, दुसऱ्या बाजूला आंध्रातून घरकामाला निघालेली बाई. तिघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. हवाई सुंदरी धावत आली, आजी पाय आत घ्या म्हणाली. मावशीने पाय आत घेतला, पण पाय आत म्हणजे दोरी सैल, आणि सैल दोरीची फाती गळते. तेव्हा त्या आंध्रातल्या बाईने दोरीचं टोक आपल्या बोटाला गुंडाळून ताणून धरलं. नर्सने दोन कळे उचलून गाठ मारली. "उलटी मारली रे! मी तिच्या हातार एक चापट दिली," मावशी सांगायची. "दुसरी मारली ती आमच्यासारखी." विमान हलायला लागलं तेव्हा डबा हवाई सुंदरीने धरला होता. उतरेपर्यंत पाच हात लांबीची फाती तयार होती.

पण उतरल्यावर रांग होती. पेडण्यातले साडेसहा त्या रांगेतच वाजले. डब्याला झाकण होतं तरी वास बाहेर आला. पुढची माणसं वळून बघायला लागली. काचेमागच्या साहेबाने नाक वर केलं आणि डब्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. "ताणें काय विचारलां ता माका कळूक नाय. मी म्हटलां, चेडवाक. ताणें ठप्पो मारलो."

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करून तिच्या पायरीवर बसलो होतो. रोज त्या वेळी तिथे जाईचा वास असतो, त्या दिवशी नुसता डिझेलचा होता. आठ वाजून गेल्यावर फोन वाजला. पलीकडे बायकांचा कलकलाट, कुणीतरी गाणं धरलेलं, भांडी वाजत होती. मी दोनदा "मावशी, मावशी" केलं. जाई मेली असणार असं मी धरूनच चाललो.

"तिकीटकारा," ती म्हणाली, "बहरीन लागीं आसा रे."

फोन बंद झाला. भर बाजारात, पन्नाशी उलटलेला मी माणूस, पायरीवर बसून रडलो. चणेवाल्याने येऊन विचारलं, कोण गेलं का. मी म्हटलं, नाही रे बाबा, पोचलं.

माळप झाल्यावर शकूने उरलेल्या फातीचा एक तुकडा आईच्या केसांत खोवायला हात पुढे केला होता. मावशीने तो हात वरच्यावर धरला. "माका नाका. तुज्यासाठी हाडलीं." हे तिने मला सहज, जाता जाता सांगितलं.

तीन महिन्यांनी नातीला न्हाऊमाखू घालून ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर हजर झाली. नातीचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ती फक्त सव्वा बारा तासांवर होती. विमानांच्या वेळा बदलून मुंबईतली वाट कमी झाली की मावशी बाजारात पेढे वाटल्यासारखी बातमी वाटायची, "नात आनी लागीं इली."

गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे ती झोपेतच गेली. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या फाती करून, टोपलीवर ओला फडका टाकून झोपली होती. उन्हाळ्यात जाई नसते, सगळी अबोली. मी शकूला फोन लावला. ती रडली, मग तिने आईच्याच आवाजात विचारलं, "तिकीटमामा, किती तास?"

मी संकेतस्थळावरची वेळ सांगितली नाही. "अकरा. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत."

"आयेन काल केलेल्यो फाती आसात?"

"आसात. टोपलेत."

मावशीला न्यायचं शकू येईपर्यंत थांबवलं. दिवेलागणीला मोपाहून टॅक्सी आली. शकू अंगणात कुणाच्या गळ्यात पडली नाही, सरळ ओट्यावरच्या टोपलीकडे गेली. फडका बाजूला करून तिने एक फाती उचलली, उजेडात धरून बघितली आणि आईच्या उशाशी बसली. ते पांढरे केस तिने बोटांनी सारखे केले. शेजारची एक म्हातारी पुढे झाली, "गे, तिका फुलां—" असं काहीतरी म्हणायला लागली.

"माळटंय," शकू मान वर न करता म्हणाली. "म्हज्या कुळारचीं फुलां."

म्हातारी मागे सरली. माहेरच्या फुलांना नको कोण म्हणणार? शकूने फाती दोनदा गुंडाळून नीट बसवली. मी दाराशी उभा होतो, तिथून मला स्पष्ट दिसत होतं. अबोली टवटवीत होती.